दोरी पुरली नाही

सकाळी नऊच्या आत या, ओर्फेलिना सांगते,
दुपारनंतर तळं वाऱ्याचं असतं, आमचं नाही.
ती केशरी जॅकेटांचे पट्टे ओढून बघते,
जाड माणसाला मधे बसवते, नव्या जोडप्याला टोकाला,
आणि मोटरला एक शिवी हासडते.
शिवी ओळखीची आहे. मोटर सुरू होते.

उजवीकडे बघा, संगमरवराच्या गुहा.
पाण्यानं चाटून चाटून कोरलेल्या.
किती वर्षं? सहा हजार म्हणतात.
मी मोजायला नव्हते.
हे कुत्र्याचं डोकं, तो हत्ती.
आमच्या गावात हत्ती कुणीच पाहिलेला नाही,
पण पाहुण्यांना लागतो, म्हणून आहे.
माझी आई त्याला कणकेचा गोळा म्हणायची,
ओल्या फडक्याखाली विसरलेला.

आत शिरलं की सगळे आपोआप हळू बोलतात.
छतावर पाण्याचा उजेड थरथरतो,
कुणीतरी हात बुडवतं आणि ओरडून बाहेर काढतं.

हा रंग कुठून येतो, सांगते:
वर, त्या ढगांच्या मागे, हिमनद्या बसल्यात दळत.
अख्खे डोंगर घालतात जात्यात,
आणि पीठ खाली सोडतात.
ते पीठ लवकर तळाला बसत नाही,
तरंगत राहतं, ऊन धरून ठेवतं.
सगळ्यात जुनं पीठ हे,
आणि एक पाव भाजता येत नाही त्याचा.
हे वाक्य ती रोज म्हणते.
रोज कुणी ना कुणी हसतं.

दुसऱ्या पिठाबद्दल ती बोलत नाही.
ती अकरा वर्षांची होती, पोर्तो इबान्येझला,
हडसन फुटला आणि भर दिवसा
कोंबड्या जाऊन बसल्या रात्रीच्या जागी.
लोकरीत राख साचून जड झालेल्या मेंढ्या
बसल्या त्या उठल्याच नाहीत.
आई पदर नसलेल्या बाईसारखी
एप्रनच्या कोपऱ्यानं काथवट पुसत राहिली,
आणि वसंत येईपर्यंत
प्रत्येक घासात दाताखाली कचकच.

तळ्याला नावं दोन. अलीकडे एक, पलीकडे एक,
मधोमध पाण्यावर एक रेघ आहे म्हणतात,
तिला बोटीतून कधी लागली नाही.
भाऊ एलिएसेर पलीकडे चेरी तोडायला गेला, तिथलाच झाला.
फोनवर तो याच पाण्याला त्याच्या नावानं हाक मारतो
आणि ती मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करते.
दोघांच्याही आधीचं नाव चेलेन्को, खवळलेलं पाणी.
तेवढं एक वाऱ्याला पाठ आहे.

आणि गंमत बघा,
पूर्वेच्या उघड्या माळापर्यंत हात लांबवलेलं हे तळं
जातं मात्र मागच्या दारानं,
बेकर नदीतून, पश्चिमेच्या समुद्राला.
एलिएसेर नेमका उलटा गेला.

वरची बर्फाची जीभ तिच्या लहानपणी
रस्त्यावरूनच दिसायची.
आता दोन तास चढावं लागतं, त्याचं तिकीट वेगळं.
तिकीट तिचा मुलगा फाडतो.
बर्फ मागे सरकला की तो खांब उपटतो,
पाटी थोडी वर नेऊन रोवतो.

परतताना एक मुलगी विचारते, खोल किती आहे?
पाचशे शहाऐंशी मीटर, ती सांगते,
आकडा कार्यालयातून आलेला, बरोबर असणार.

वडिलांनी एकदा मोजलं होतं.
घोड्याचा फास, बोटीची दोरी, विहिरीची दोरी,
शेजारच्या सेगुंदोकडची उसनी दोरी,
शेवटी आईची कपडे वाळत घालायची,
सगळ्यांना गाठी मारून, टोकाला इस्त्री बांधून सोडली.
ती नावेत बसून गाठी मोजत होती.
शेवटची गाठ वडिलांच्या मुठीत आली
आणि इस्त्री अजून कुठेच टेकलेली नव्हती.

ते बराच वेळ तसेच धरून बसले.
मग म्हणाले, चल, वारा सुटेल.

इस्त्री वर आली तेव्हा इतकी गार होती
की आईनं ती दोन दिवस चुलीजवळ ठेवली, नुसती.
सेगुंदोची दोरी परत करायची राहून गेली.
त्यावर आज केशरी जॅकेटं वाळतायत,
चौदा. एकाचा पट्टा शिवायला झालाय.